गृहमंत्री यशवंतराव

लोकसभेचे कामकाज सकाळी अकरा वाजता सुरू होते. पहिला तास प्रश्नांचा असतो. खासदारांनी आधी लेखी कळवलेले प्रश्न छापील यादीत क्रमाने येतात. ज्या प्रश्नावर ताऱ्याची खूण असते, त्याला तारांकित प्रश्न म्हणतात. त्याचे उत्तर मंत्र्याने उभे राहून तोंडी द्यायचे असते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात.

तारांकित प्रश्नाचे पहिले उत्तर खात्यातील अधिकारी तयार करून देतात. ते वाचून दाखवणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा त्यानंतर असते. उत्तर संपताच खासदार उठतात आणि पुरवणी प्रश्न विचारतात. हे प्रश्न आधी कोणाला ठाऊक नसतात. तेथे हातातला कागद उपयोगी पडत नाही. आपल्या खात्यात काय चालले आहे हे मंत्र्याला खरोखर माहीत आहे की नाही, हे तेव्हा साऱ्या देशाला कळते.

नोव्हेंबर १९६६ ते जून १९७० या काळात भारताच्या गृहमंत्र्याच्या जागेवर यशवंतराव चव्हाण उभे राहत. पोलीस, दंगली, तुरुंग, राज्याराज्यांतील सीमेचे तंटे, परदेशातून देशात येणारे लोक, अशा सर्व बाबींवरचे प्रश्न त्यांच्याकडे येत. एकेकाळी मात्र पोलीस याच माणसाच्या शोधात गावोगाव फिरत होते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे त्यांचे आजोळ. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. न्यायालयाचे हुकूम आणि समन्स लोकांच्या घरी पोचवणे हे बेलिफाचे काम. पगार बेताचा आणि पायपीट भरपूर. यशवंत चार-पाच वर्षांचा असताना प्लेगच्या साथीत वडील वारले. आई विठाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. पण मुलांनी शिकले पाहिजे याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. थोरले बंधू ज्ञानोबा यांना न्यायालयात नोकरी मिळाली आणि घर कसेबसे सावरले. कायदा या घरात प्रथम आला तो असा, महिन्याच्या पगाराच्या रूपाने.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कायदा, वकील, फिर्याद, हुकूम, अर्ज, जामीन, कैद, शिपाई हे सारे शब्द मराठी आहेत, आणि तुमच्या उर्दूतही ते आहेत. अरबी आणि फारसीतून ते दोन्ही भाषांत आले. कराडच्या कचेरीत पक्षकार जे शब्द बोलत, तेच लखनौच्या किंवा हैदराबादच्या कचेरीतही बोलले जात.

यशवंत कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होता. एकदा शिक्षकांनी वर्गातील मुलांना आपण पुढे कोण होणार ते कागदावर लिहायला सांगितले. कोणी टिळकांचे नाव लिहिले, कोणी एखाद्या मोठ्या कवीचे किंवा लेखकाचे. यशवंतने लिहिले की तो यशवंतराव चव्हाण होणार. शिक्षकांना हा मुलगा जरा गर्विष्ठ वाटला असेल. मला मात्र वाटते की त्यात गर्वापेक्षा स्वाभिमान अधिक होता.

१९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास या तरुण क्रांतिकारकाने उपोषण सुरू केले. राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवावे, एवढीच त्याची मागणी होती. उपोषण ६३ दिवस चालले आणि १३ सप्टेंबर रोजी जतींद्रनाथ वारला. सोळा वर्षांचा यशवंत रोज वर्तमानपत्रात ही बातमी शोधत असे. शेवटची बातमी वाचून तो रडला. ज्याला कधी पाहिले नाही, ज्याची भाषाही वेगळी, अशा एका कैद्यासाठी कराडचा मुलगा रडला.

अडीच वर्षांनी तो स्वतःच कैदी झाला. २६ जानेवारी १९३२ रोजी त्याने कराडमध्ये आपल्या शाळेच्या आवारात तिरंगा झेंडा लावला. त्याबद्दल त्याला पकडले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आई त्याला भेटायला कराडच्या कोठडीत गेली. मुलाने माफी मागितली तर तो सुटेल, असे तेथे सुचवण्यात आले. विठाबाईंना ते पटले नाही. ज्यात काही वाईट केले नाही त्याबद्दल माफी मागण्याचे कारण काय, असा त्यांचा सरळ विचार होता. प्रकृतीला जप एवढे मुलाला सांगून त्या घरी परतल्या. येरवडा आणि विसापूर येथील तुरुंगांत यशवंतरावांनी खूप वाचले. वेगवेगळ्या विचारांच्या मोठ्या माणसांची भाषणे ऐकली. शाळेत जे मिळाले नसते ते त्यांना तुरुंगात मिळाले, असे म्हटले तरी चालेल.

सुटल्यावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढे पुण्यात कायद्याचा अभ्यास करून १९४१ साली वकिलीची परीक्षा पास झाले आणि कराडला वकिली करू लागले. बेलिफाचा मुलगा वकील झाला. घरच्यांना याहून मोठा आनंद कोणता? पण काळा कोट फार दिवस अंगावर राहिला नाही.

२ जून १९४२ रोजी त्यांचा विवाह फलटणच्या वेणूताई मोरे यांच्याशी झाला. दोन महिन्यांतच छोडो भारतचे आंदोलन सुरू झाले आणि यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे निघू लागले. कराडचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूज येथे मात्र पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी मारले गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथेही गोळीबार झाला. मोर्चांच्या आखणीत यशवंतरावांचा हात होता. आपण ज्यांना पुढे नेले त्यांच्यावर सरकारच्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या, ही गोष्ट कोणाच्याही मनात घर करून राहील.

यशवंतराव पोलिसांच्या हाती लागत नव्हते. तेव्हा पोलिसांनी त्यांच्या घरच्यांना त्रास द्यायला सुरुवात केली. १४ जानेवारी १९४३ रोजी वेणूताईंना अटक झाली. लग्नानंतरची ती पहिलीच संक्रांत होती. ज्या दिवशी घरोघर तिळगूळ वाटतात, त्या दिवशी नवी सून कोठडीत होती. तिचा गुन्हा एवढाच की ती यशवंतरावांची पत्नी होती. या सर्व हालांत वेणूताईंची प्रकृती बिघडली. त्यांना पाहण्यासाठी यशवंतराव फलटणला गेले आणि तेथे पकडले गेले.

कायद्याच्या नावाखाली निरपराध माणसाला कसे छळता येते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, घरात पाहिले होते. पुढे गृहखात्याची सूत्रे हाती आल्यावर याची आठवण त्यांना किती वेळा झाली असेल?

स्वातंत्र्यानंतरची त्यांची वाटचाल आपण थोडक्यात पाहू. १९४६ साली ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. गृहखात्याचे संसदीय चिटणीस म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

या काळातील एक प्रसंग मात्र थांबून पाहायला हवा, कारण तो साताऱ्याचा आहे आणि पोलिसांशी संबंधित आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान पंडित नेहरू करणार होते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेव्हा मान्य झालेली नव्हती. लोक संतापलेले होते. आदल्या वर्षी मुंबईत गोळीबारात अनेक माणसे मेली होती. समितीने ठरवले की नेहरूंना वाटेत काळी निशाणे दाखवायची. हजारो माणसे वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्यावर जमली. मुख्यमंत्र्याला दोन गोष्टी करता आल्या असत्या. मोर्चावर बंदी घालून लोकांना अडवायचे, किंवा त्यांना निषेध करू द्यायचा आणि पोलिसांना संयमाने उभे करायचे. यशवंतरावांनी दुसरी वाट धरली. निदर्शने झाली, घोषणा झाल्या, निशाणे फडकली. नेहरू गडावर पोचले, समारंभ झाला आणि सारे आपापल्या घरी परतले. वडूजची पुनरावृत्ती झाली नाही.

१९६२ साली चीनने आक्रमण केले आणि यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावण्यात आले. चार वर्षांनी आणखी एक वेळ आली. ७ नोव्हेंबर १९६६ रोजी गोहत्याबंदीची मागणी करणारा प्रचंड जमाव संसदेवर चालून आला. जाळपोळ झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांना पद सोडावे लागले. १४ नोव्हेंबर रोजी यशवंतराव गृहमंत्री झाले.

तीन महिन्यांनी निवडणुका झाल्या. यशवंतराव साताऱ्यातून लोकसभेवर गेले. काँग्रेसचे केंद्रातील बहुमत घटले आणि आठ राज्यांत तिने बहुमत गमावले. विरोधी बाकांवर बोलणारी माणसे मोठी होती. त्यांत मधू लिमये होते, बॅरिस्टर नाथ पै होते, एस. एम. जोशी होते, कॉम्रेड डांगे होते. हे चौघे मराठी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांतले काही यशवंतरावांच्या समोर उभे ठाकले होते. दिल्लीच्या सभागृहात मराठी माणूस प्रश्न विचारतो आहे आणि मराठी माणूस उत्तर देतो आहे, असे दृश्य त्या वर्षांत वारंवार दिसे. लिमये यांचे प्रश्न अत्यंत बारीक असत. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, कोणती तारीख, हे सारे त्यांना पाठ असे. त्यांच्यापुढे अर्धवट तयारीने उभे राहणाऱ्या मंत्र्याची फजिती ठरलेली होती. यशवंतराव शांतपणे ऐकून घेत आणि आवाज न चढवता उत्तर देत. समोरचा रागावला की हे अधिकच हळू बोलत.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या राज्यघटनेनुसार पोलीस हा विषय राज्यांचा आहे. एखाद्या राज्यात पोलिसांनी अत्याचार केला, तर त्याची पहिली जबाबदारी त्या राज्याच्या सरकारवर येते. दिल्लीचे पोलीस आणि केंद्राची राखीव दले तेवढी केंद्रीय गृहमंत्र्याकडे असतात. त्यामुळे अनेक प्रश्नांना गृहमंत्र्याने हा राज्याचा विषय आहे असे उत्तर दिले तर ते नियमाप्रमाणे बरोबर असते. पण ज्याच्या भावाला मार बसला आहे त्याचे अशा उत्तराने समाधान होत नाही. नियम आणि माणूस यांच्यामधल्या या जागेत यशवंतरावांना रोज उभे राहावे लागे.

एप्रिल १९६७ मध्ये तर दिल्लीच्या पोलिसांनीच आंदोलन केले. पगार अपुरा, राहायला जागा नाही, तक्रार सांगायला संघटना नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. काही शिपाई गृहमंत्र्यांच्या घरासमोर येऊन बसले. एका बाजूने पाहता ही माणसे गरीब होती आणि बेलिफाच्या मुलाला हे कळत नव्हते असे नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्यांनी शिस्त राखायची त्यांनीच शिस्त मोडली तर इतरांनी काय करायचे? सरकारने कठोर कारवाई केली. अनेकांना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. सभागृहात यावर कडाडून टीका झाली. मला वाटते, टीकेत तथ्य होते. गाऱ्हाणी खरी होती आणि ती वेळेवर ऐकली असती तर शिपाई रस्त्यावर आले नसते.

देशात येणाऱ्या लोकांविषयीचे प्रश्न त्याहून गुंतागुंतीचे होते. १९४७ साली फाळणी झाली आणि नकाशावर एक रेघ ओढली गेली. पण पूर्व पाकिस्तान आणि आसाम यांच्यामधील शेते, नद्या, नातीगोती एका रेघेने तुटली नाहीत. तेथून काही लोक जीव वाचवण्यासाठी येत. त्यांना निर्वासित म्हणत. काही जमिनीच्या किंवा कामाच्या शोधात परवान्याशिवाय येत. त्यांना घुसखोर म्हणत. आणि काही तर पिढ्यान्पिढ्या येथेच राहणारे भारतीय नागरिक होते. तिघांचाही पोशाख एकच, बोली एकच आणि गरिबी एकच. कागदपत्र कोणाजवळच धड नाही. मग कोण कोणता, हे ठरवायचे कोणी?

त्या वेळी परकीय नागरिकांसाठी १९४६ चा कायदा लागू होता. आसामात पोलीस संशयावरून लोकांना सीमेपलीकडे पाठवतात, त्यांत आपले नागरिकही भरडले जातात, अशा तक्रारी आल्या होत्या. म्हणून १९६४ साली न्यायाधिकरणे नेमण्याचा आदेश निघाला. एखाद्यावर संशय असेल तर त्याची बाजू ऐकून न्यायाधिकरणाने मत द्यावे, अशी ती व्यवस्था होती. यशवंतराव गृहमंत्री झाले तेव्हा हे काम चालू होते. सभागृहात एका बाजूचे खासदार विचारत की घुसखोर अजून बाहेर का गेले नाहीत. दुसऱ्या बाजूचे विचारत की आमच्या नागरिकांना त्रास का होतो. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी येऊ शकत आणि दोन्हींना एकाच माणसाने उत्तर द्यायचे असे. पोलिसाने घेतलेला संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे वकिलाला शिकवावे लागत नाही. ज्याच्या पत्नीला केवळ नात्यामुळे अटक झाली होती त्याला तर नाहीच.

असाच पेच परदेशातही पडला होता. आफ्रिकेतील केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. तेथे भारतीय वंशाचे हजारो व्यापारी आणि कारागीर राहत होते. त्यांच्यापैकी अनेकांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होते. केनियात त्यांना राहणे अवघड झाले तेव्हा ते ब्रिटनकडे निघाले. ब्रिटनने मार्च १९६८ मध्ये घाईघाईने कायदा करून त्यांच्यासाठी दार जवळजवळ बंद केले. मग भारतानेही या ब्रिटिश पासपोर्टधारकांना परवानगीशिवाय येता येणार नाही असे ठरवले. ज्याने पासपोर्ट दिला त्याने जबाबदारी घ्यावी, अशी भारताची भूमिका होती. ती तर्काला धरून होती. पण हातात पासपोर्ट असून कोठेच जाता येत नाही अशा कुटुंबाला तर्काचा काय उपयोग?

यशवंतरावांच्या काळात गृहखात्याने काही महत्त्वाचे कायदे मांडले. डिसेंबर १९६७ मध्ये राजभाषा कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदीबरोबर इंग्रजीचाही वापर चालू राहील असे आश्वासन त्यात होते. उत्तरेत हिंदीवाले रागावले आणि दक्षिणेत हिंदीविरोधक रागावले. दोन्हीकडून बोलणी खाल्ली म्हणजे मधला मार्ग सापडला असे समजायला हरकत नाही! त्याच महिन्यात बेकायदा कृत्यांना प्रतिबंध करणारा कायदा संमत झाला. देशाचे तुकडे करू पाहणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सरकार उद्या या कायद्याने आपल्या विरोधकांचे तोंड बंद करील, अशी विरोधी पक्षांची भीती होती. बंदी योग्य की अयोग्य हे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे न्यायाधिकरण तपासील, अशी तरतूद कायद्यात होती. तरीही भीती गेली नाही. पुढील वर्षांत हा कायदा अनेकदा बदलला, अधिक कडक झाला आणि त्यावरचा वाद चालूच राहिला.

त्याहून अवघड प्रश्न स्थानबद्धतेचा होता. १९५० च्या कायद्याने सरकारला एखाद्या माणसाला खटला न चालवता अटकेत ठेवता येत असे. इंग्रजांच्या राज्यात आपल्या पुढाऱ्यांना असेच डांबले जाई. स्वतंत्र भारतात तो अधिकार कशाला हवा, असा सवाल पुन्हापुन्हा होई. दंगली आणि हिंसाचार रोखण्यासाठी हवा, असे सरकारचे उत्तर असे. स्वतः तुरुंग भोगलेल्या माणसाला हे उत्तर देताना काय वाटत असेल, याची कल्पनाच करायची. या कायद्याची मुदत वेळोवेळी वाढवली जात होती. १९६९ साली काँग्रेस फुटली, सरकारचे बहुमत गेले आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला हा कायदा संपला. दीड वर्षाने, १९७१ साली, त्याच्यासारखाच दुसरा कायदा आला. तेव्हा यशवंतराव गृहखात्यात नव्हते.

दंगलींचे प्रश्न सर्वांत दुःखाचे. ऑगस्ट १९६७ मध्ये रांची येथे दंगल पेटली. बिहारमध्ये उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा द्यावा की नाही, या वादातून ती सुरू झाली. भाषेसाठी माणसांनी एकमेकांचे गळे कापावेत, याहून लाजिरवाणे काय असेल? केंद्र सरकारने न्यायमूर्ती रघुवर दयाळ यांचा चौकशी आयोग नेमला. जून १९६८ मध्ये श्रीनगर येथे राष्ट्रीय एकात्मता परिषद भरली. दंगल आवरण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः टाकावी, असे तेथे ठरले. जमातीजमातींत द्वेष पसरवणाऱ्यांविरुद्ध असलेले तेव्हाच्या दंडसंहितेतील कलम १९६९ साली अधिक कडक करण्यात आले.

पण कागदावर कलम आले म्हणून रस्त्यावरची आग विझत नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये अहमदाबादेत शेकडो माणसे मेली. मे १९७० मध्ये भिवंडी आणि जळगाव पेटले. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. हिंदू आणि मुसलमान दोघांचीही पोटे त्याच मागांवर भरत होती. आता प्रश्न यशवंतरावांच्या स्वतःच्या महाराष्ट्राचा होता. पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने दंगलीची सविस्तर चौकशी केली आणि पोलिसांनी केलेल्या तपासावर कठोर शब्दांत ठपका ठेवला. तपास एकतर्फी झाला असे त्या अहवालातून दिसते. हा अहवाल आला तेव्हा यशवंतरावांचे खाते बदललेले होते.

बेळगावच्या प्रश्नातही त्यांची अशीच कोंडी झाली. ऑगस्ट १९६७ मध्ये महाजन आयोगाने अहवाल दिला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्र संतापला. संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारा माणूस गृहमंत्री असताना असे कसे झाले, असे लोक विचारू लागले. पण गृहमंत्री एका राज्याचा नसतो. यशवंतरावांनी आपल्या राज्यासाठी अहवाल फाडून टाकला नाही, आणि महाराष्ट्राच्या गळी तो उतरवलाही नाही. प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. २००४ साली महाराष्ट्राने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

आमदारांच्या पक्षांतराचा विषयही त्यांच्याच वाट्याला आला. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला. त्यावरून आयाराम-गयाराम हा शब्दप्रयोग साऱ्या देशात रूढ झाला. यावर उपाय सुचवण्यासाठी यशवंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्यात जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू आणि मोतीलाल सेटलवाड यांच्यासारखी माणसे होती. राज्यांतील पक्ष बदलणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळाल्याचे समितीला आढळले. म्हणजे अर्ध्याहून अधिक! मग माणसे पक्ष का सोडतात, हे वेगळे सांगायला नको. समितीचा अहवाल १९६९ साली आला. कायदा मात्र १९८५ साली झाला. तो पाहायला यशवंतराव नव्हते.

जून १९७० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९७४ साली परराष्ट्रमंत्री. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. मधू लिमये गजाआड गेले. संसदेतील प्रश्नोत्तराचा तासही बंद झाला. ज्याने साडेतीन वर्षे रोज प्रश्नांना तोंड दिले, तो माणूस प्रश्नच बंद करणाऱ्या सरकारात मंत्री म्हणून बसून राहिला. त्यांनी राजीनामा दिला नाही. त्यांच्या चाहत्यांनाही ही गोष्ट खटकते आणि ती खटकावी अशीच आहे.

१९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला. साताऱ्याने मात्र यशवंतरावांना निवडून दिले. आता ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. प्रश्नोत्तराचा तास पुन्हा भरू लागला होता. एवढी वर्षे उत्तर देणारा माणूस समोरच्या बाकावर गेला आणि प्रश्न विचारू लागला. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि त्यातून ते सरकार गेले. याच मोरारजींच्या हाताखाली १९४६ साली त्यांनी गृहखात्याचे पहिले धडे घेतले होते. त्यानंतर काही महिने यशवंतराव उपपंतप्रधान झाले आणि गृहखाते पुन्हा त्यांच्याकडे आले.

१ जून १९८३ रोजी वेणूताई वारल्या. यशवंतरावांना मूलबाळ नव्हते. ते फार एकटे पडले. त्यांनी आपल्या लहानपणाची आणि तरुणपणाची कथा लिहून काढली. कृष्णाकाठ हे तिचे नाव. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके कराडमध्येच, वेणूताईंच्या नावाने उभ्या असलेल्या स्मारकात, ठेवलेली आहेत.